सायकलवरून उतरल्यावर इंग्लिश एल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यातल्या बहुतेक शनिवारी आमचा चार-पाच जणांचा कंपू दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्स भागातल्या ब्रायटनहून निघतो, वळसा घालून उत्तरेच्या अंगाने डिचलिंग बीकन ही टेकडी चढतो, डाउन्स टेकड्यांच्या धारेवरून लुईस गावात उतरतो आणि तिथे हार्वीज या गावच्याच ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची, ससेक्स बेस्ट ही एल मागवतो. बीकनची उंची २४८ मीटर. सिंहगड चढलेल्या पुणेकर पाहुण्याला हा आकडा सांगितला की तो हसतो. चढ सुरू झाला की हसू मावळतं. सोबत नवा माणूस आला की दरवेळी त्याच शंका निघतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

एल आणि बिअर यांत फरक काय?

एल ही बिअरच. भारतात आपण जी पिवळीधमक, थंडगार बिअर ओळखतो ती बहुतेक वेळा लागर असते. फरक यीस्टचा आणि तापमानाचा. लागरचं यीस्ट थंडाव्यात सावकाश काम करतं आणि मग ती बिअर आठवडेच्या आठवडे गारठ्यात मुरते. एलचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांच्या उबेत काही दिवसांत काम उरकतं आणि त्या भरात फळांचे, कधी मधाचे वास मागे ठेवतं.

इंग्लंडच्या पबात हँडपंपाने ओढून मिळणारी एल आणखी निराळी. ती गाळून, यीस्ट मारून भरलेली नसते. पिंपात यीस्ट जिवंत असतं आणि पबच्या तळघरातही आंबणं थोडं थोडं चालूच राहतं. पिशवीतलं ताक आणि घरी विरजण लावून घुसळलेलं ताक, तसं हे. घरचं ताक रोज एकसारखं लागत नाही, दोन दिवस राहिलं की आंबतं. या एलचंही तेच, म्हणून ती पारखावी लागते. कॅनमधल्या लागरमध्ये पारखण्यासारखं फार काही उरलेलं नसतं.

ती कोमट का देतात? आणि गॅस गेलेली?

कोमट नसते. तळघर साधारण ११ ते १३ अंशांवर ठेवतात, म्हणजे माठातल्या पाण्यापेक्षा गार आणि फ्रिजमधल्या पाण्यापेक्षा कमी गार. तीन-चार अंशांवर जीभ बधिर होते, वास वर येत नाही आणि बिअरचे गुण-दोष दोन्ही झाकले जातात. स्वस्तातली बिअर ‘एकदम चिल्ड’ मागण्यात आपल्याकडच्या लोकांचं काही चुकत नाही!

गॅसचं म्हणाल, तर बाहेरून गॅस भरलेला नसतो. यीस्टने स्वतः तयार केलेला तेवढाच असतो, लागरच्या निम्म्याहूनही कमी. बिअर वर येते तीही गॅसच्या जोरावर नाही. जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने १७९७ मध्ये बिअर ओढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आजचा हँडपंप त्याच घराण्यातला. आपला हापसाच म्हणा ना. दांडा ओढायचा, खालचं वर येतं.

मात्र जिभेला किंचितही चुणचुण जाणवली नाही, तर ती एल खरोखरच गेलेली असते. मऊ असणं वेगळं, मेलेलं असणं वेगळं.

चढ चढून आल्यावर पहिला घोट अमृतासारखा लागतो. मग पारख कसली करायची?

तो घोट तहान पीत असते. तहानेला काहीही द्या, ती दहापैकी दहा गुण देऊन मोकळी होते.

हे मी स्वतःवरून सांगतो. एका दमट दुपारी, एका खेड्यातल्या पबात (नाव नको), मी अर्धा ग्लास घटाघटा पिऊन ‘वा!’ म्हणालो. शेजारी गाडीने आलेला मित्र होता. त्याने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला, काही बोलला नाही. पंधरा-वीस मिनिटांनी त्याच ग्लासातून मला व्हिनेगर लागायला लागलं. बिअर बदलली नव्हती, मी बदललो होतो.

याची कारणं साधी आहेत. तोंड कोरडं असतं, लाळ नसते, त्यामुळे चव जिभेवर नीट पसरत नाही. ओठांवर घामाचं मीठ वाळलेलं असतं, आणि मीठ कडवटपणा दाबतं. बिटर (कडसर इंग्लिश एल, ससेक्स बेस्ट त्यातलीच) नावाच्या पेयाचा कडवटपणाच दाबला, तर उरलं काय? वाटेत एनर्जी जेल खाल्लं असेल तर उलटं होतं. तोंडात राहिलेल्या त्या चिकट गोडापुढे कुठलीही बिअर आंबट आणि कडूजहर लागते. टेकडीवरच्या वाऱ्याने नाक गळत असतं, बोटांना सनस्क्रीनचा वास असतो. अशा अवस्थेतला निकाल ग्राह्य धरायचा नाही, एवढा एकच नियम आमच्या टेबलावर आहे.

मग किती वेळ थांबायचं? तोवर काय करायचं?

अर्धा तास. आधी निदान अर्धा लिटर साधं पाणी, एका दमात नव्हे. साबणाने हात आणि तोंड धुवायचं, चूळ भरायची. काहीतरी साधं खायचं, पाव चालेल. खारवलेल्या क्रिस्पचं पाकीट त्यानंतर फोडा, कारण वर सांगितलेली मिठाची भानगड. ओठांना लिप बाम लावला असेल तर पुसून टाका. त्यातल्या मेणाने आणि तेलाने फेस मोडतो, आणि मग लोक दोष बिअरला देतात.

अगदीच राहवत नसेल तर आधी लाइम अँड सोडा घ्या. पबातलं सगळ्यात स्वस्त पेय बहुधा तेच. तहानेचा हिशेब तिथेच मिटवा.

पाइंट मागितला तर एवढा मोठा ग्लास का आला?

आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलिलिटरची छोटी बाटली. इंग्रजी पाइंट ५६८ मिलिलिटरचा. हा घोळ प्रत्येक पाहुण्याचा होतो. पारखायचं असेल तर ‘हाफ’ मागा. काही ठिकाणी पाइंटचा तिसरा भागही मिळतो आणि तीन वेगवेगळ्या एल शेजारी शेजारी ठेवून चाखता येतात. विकत घेण्याआधी चमचाभर चाखायला मागितली तरी बरेच पब हसत देतात.

दुसरा घोळ ‘माइल्ड’चा. महाराष्ट्रात माइल्ड म्हणजे स्ट्राँग नसलेली. इंग्लंडमध्ये माइल्ड हा एलचा स्वतंत्र प्रकार आहे. बहुधा काळपट, साडेतीन टक्क्यांच्या आसपासची, कडवटपणा जेमतेम. ‘माइल्ड द्या’ म्हटल्यावर समोर काळी बिअर आली तर वेटरशी भांडू नका. वेटर नसतोच म्हणा, काउंटरवर जाऊनच आणावी लागते.

ग्लास हातात आल्यावर पाहायचं काय?

फार वेळ नाही. उजेडाकडे धरा. बेस्ट बिटरचा रंग चिंचेने घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखा असतो. पलीकडची बोटं स्वच्छ दिसली पाहिजेत. गढूळ असेल तर दोन शक्यता असतात: पिंपातला गाळ बसायच्या आतच ती विकायला काढली, किंवा ब्रुअरीने ती मुद्दामच तशी ठेवली आहे. दुसरी गोष्ट बहुधा हँडपंपावरच्या पाटीवर लिहिलेली असते, नसली तर विचारावं. पिता पिता ग्लासच्या आतून फेसाची कडी उमटत गेली, तर ग्लास स्वच्छ धुतलेला आहे.

बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या गुणपत्रिकेत ५० पैकी दिसण्याला फक्त ३ गुण असतात. वासाला १२, चवीला २०. यावरून काय ते समजा.

वास कसा घ्यायचा? मला तर सगळ्या बिअर सारख्याच वाटतात.

पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतात. ग्लास जरा फिरवा, नाक आत घाला, एक छोटा श्वास घ्या आणि मनात आलेला पहिला शब्द सांगून टाका. इंग्रजी शब्द शोधत बसू नका. आमच्यातले नवशिके पाठ केल्यासारखे ‘टॉफी, मार्मालेड’ म्हणतात आणि आयुष्यात कधी मार्मालेड खाल्लेलं नसतं. खमंग, खरपूस, मातकट, उग्र, कुबट, आंबूस, तुरट, कडसर, खवट, करपट: नाकाजिभेसाठी एवढे नेमके शब्द घरात असताना उसने कशाला आणायचे?

ससेक्स बेस्टमध्ये मला आधी खमंगपणा येतो, भाजलेल्या पावाच्या कडेचा. त्यामागे पहिल्या पावसानंतरच्या लाकडासारखं काहीतरी, आणि अगदी शेवटी गडद, आंबटगोड फळ. याला कारणं आहेत. तिच्यात फगल, गोल्डिंग्ज, प्रोग्रेस आणि ब्रॅम्लिंग क्रॉस ही चार इंग्रजी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) पडतात. मातकट, लाकडी वास फगलचा, फुलांचा आणि मधाचा गोल्डिंग्जचा, काळ्या करवंदांची आठवण करून देणारा ब्रॅम्लिंग क्रॉसचा. इंग्रज त्याला ब्लॅककरंट म्हणतात, पण मी करवंदं खाऊन वाढलो आहे.

कडू पेय चांगलं कसं असू शकतं?

मेथीची भाजी खाता ना? चांगल्या बिटरचा कडवटपणा तसा असतो. आधी जाणवत नाही, घास गेल्यावर मागे उरतो आणि पुढचा घास मागतो. कारल्याच्या रसासारखा तोंडावर आपटणारा कडूपणा असेल तर समजा तोल गेला. त्याच्याखाली मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोडसर, बिस्किटासारखा पाया हवा. गिळल्यानंतर दहा-पंधरा सेकंद काही बोलू नका. काय उरतं ते पाहा. कोरडा, स्वच्छ कडसरपणा उरला तर छान, चिकट गोडी किंवा घशात खवखव उरली तर नाही.

आणि हो, चूळ भरून थुंकायची नाही. ते वाइनवाल्यांचं. बिटरचा अर्धा निकाल घशातच लागतो.

बिघडलेली एल कशी ओळखावी?

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पुस्तकी वर्णनांपेक्षा याचाच जास्त उपयोग होतो.

पिंपातून बिअर ओढली की तिची जागा हवा घेते. हवा आत गेली की घड्याळ सुरू झालं. पिंप उघडल्यापासून साधारण तीन दिवसांत संपलं पाहिजे. नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात ७२ पाइंट मावतात, म्हणजे रोज २४ पाइंट खपायला हवेत. सुनसान पबात हँडपंपांची लांब रांग दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. मी तिथे सगळ्यात जास्त खपणारी कुठली तेवढंच विचारतो.

जुन्या पिंपाच्या दोन खुणा. एक, आंबूसपणा, व्हिनेगरकडे झुकलेला. दोन, कुबट वास: पावसात भिजलेला पुठ्ठा, बंद माळ्यावरच्या वह्या. दोन्ही दोष पबाचे, ब्रुअरीने धाडलेली बिअर चांगलीच असू शकते.

हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा वास आला तर उलटी गोष्ट: ती घाईने काढलेली, न मुरलेली आहे. उकडलेला कोबी किंवा मक्याचं कणीस आठवलं तर चूक बनवतानाच झालेली असते. दवाखान्यातल्या जंतुनाशकाचा वास म्हणजे धुण्याच्या रसायनाचा क्लोरीन राहिला, किंवा भलतंच यीस्ट शिरलं. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास हे अवघड प्रकरण आहे. अगदी थोडा असेल तर इंग्लिश एलमध्ये तो खपवून घेतात, काहींना आवडतोही. मला नाही आवडत. ग्लासभर लोणी झालं तर दोषच.

गंधकाचा, नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास मात्र दरवेळी दोष नसतो. बर्टन-ऑन-ट्रेंट या गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथल्या एलना सुरुवातीला हा वास येतोच आणि जाणकार त्याची वाट पाहतात. दोन मिनिटांत उडून जातो.

सायकलवाल्यांचा खास दोष वेगळाच. आपण घामेजलेले, बाहेर बागेतल्या बाकावर बसतो आणि ग्लास उन्हात ठेवतो. हॉप्समधल्या घटकांवर ऊन पडलं की काही मिनिटांत एक उग्र, प्राण्याच्या अंगासारखी दुर्गंधी तयार होते. बिअर चांगली होती, तुम्हीच तिला उन्हात मारली. ग्लास सावलीत ठेवा आणि तुम्ही हवे तर उन्हात बसा.

बिघडलेली निघाली तर परत करता येते?

येते. दोन घोटांतच निर्णय घ्या, पाऊण ग्लास रिकामा करून तक्रार नेऊ नका. काउंटरवर जा आणि हळू आवाजात ‘ही जरा आंबलेली वाटते, तुम्ही चाखून पाहता का?’ असं विचारा. बहुतेक ठिकाणी न बोलता दुसरी ओढून देतात. आपल्या लोकांना याचा संकोच फार. पण मुकाट्याने संपवलेल्या खराब ग्लासमुळे पुढच्या माणसालाही तीच मिळते.

चव तुम्हाला आवडली नाही, हे मात्र परत करण्याचं कारण होत नाही.

गुण कसे द्यायचे?

कॅम्रा ही ग्राहकांची संघटना १९७१ मध्ये चार जणांनी सुरू केली, कारण मोठ्या ब्रुअरी पिंपातली जिवंत एल बंद करून गॅस भरलेली, गाळलेली बिअर खपवत होत्या. तिचे सदस्य पबातल्या एलला ० ते ५ गुण देतात. माझ्या भाषेत सांगायचं तर: ० म्हणजे पिववत नाही. १ म्हणजे कुरकुरत संपवली. २ म्हणजे प्यायलो, पण नंतर आठवली नाही. ३ म्हणजे पुढच्या पबात जायचा बेत रद्द. ४ म्हणजे उत्तम बिअर, उत्तम अवस्थेत. ५ द्यायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही. मी आजवर तीनदा दिले आणि त्यातले एकदा, आता वाटतं, चढाच्या नशेत दिले होते.

यात मेख अशी की हे गुण त्या दिवशीच्या, त्या पबातल्या ग्लासाचे असतात. बिअरची जात आवडते की नाही, याचे नाहीत. मला माइल्ड फारशी आवडत नाही, तरी नीट राखलेल्या माइल्डला ४ देतो. ब्रुअरीला दाद द्यायची असेल तर तीच एल तीन वेगळ्या पबांत पिऊन मगच बोला.

उत्तरेत फेस जाड आणि दक्षिणेत नाही, असं का?

हँडपंपाच्या नळीच्या तोंडाला उत्तरेत बारीक भोकांची एक टोपी बसवतात, स्पार्कलर. बिअर त्यातून जोरात येते, साईसारखा फेस धरते आणि थोडी गुळगुळीत होते. ससेक्समध्ये टोपी नसते. यॉर्कशरच्या माणसाला इथली एल फसवणूक वाटते आणि इथल्यांना तिथला फेस. मी सासरी आलेल्या सुनेसारखा इथलाच पक्ष घेतो.

शाकाहारी माणसाला चालते का?

विचारून घ्या. बिअर लवकर नितळ व्हावी म्हणून पिंपात इसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या वाताशयापासून बनतं. ते गाळाबरोबर तळाला बसतं, ग्लासात जवळजवळ येत नाही, पण ज्याला पाळायचं आहे त्याने ‘अनफाइंड’ किंवा ‘व्हीगन’ लिहिलेली एल मागावी. हल्ली अशा बऱ्याच मिळतात, किंचित धूसर दिसतात आणि चवीत मला काही कमी वाटत नाही.

पिऊन सायकल चालवत परत येता?

नाही. मोटारचालकासाठी इंग्लंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. ती सायकलला लागू नाही, हे खरं. पण सायकल नीट सांभाळता येणार नाही इतकी प्यायलेल्याला १९८८ च्या रोड ट्रॅफिक अॅक्टखाली १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खड्डा कायदा वाचत नाही. शिवाय थकलेल्या, रिकाम्या पोटी बिअर झटकन चढते आणि शरीरातलं पाणी आणखी कमी करते. चार टक्क्यांचा एक पाइंट म्हणजे सुमारे २.३ युनिट (इथलं अल्कोहोल मोजायचं माप), आणि इथल्या सरकारी डॉक्टरांचा सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या आत राहण्याचा. आम्ही दोन हाफवर थांबतो आणि लुईस स्टेशनातून सायकलींसह गाडी पकडतो.

सगळं सोडून हार्वीजच का?

जवळ आहे म्हणून. आणि गाव तिच्यावर जीव टाकतं म्हणून. ब्रुअरी १७९० ची, ऊझ नदीच्या काठावर. ऑक्टोबर २००० च्या पुरात पाणी आत शिरलं, तरी आत आंबवण चालू राहिलं. त्या खेपेच्या बिअरला नाव दिलं ‘ऊझ बूझ’. डिसेंबर २००६ मध्ये ग्रीन किंग या मोठ्या कंपनीने आपल्या मालकीच्या लुईस आर्म्स या पबातून हार्वीज काढून टाकली. गिऱ्हाइकांनी थंडीत दाराबाहेर उभं राहून बहिष्कार घातला, चार महिन्यांहून जास्त. एप्रिल २००७ मध्ये कंपनी नमली. बिअरसाठी सत्याग्रह म्हणून आपण हसतो, पण आपल्या गावची मिसळ अशी बंद झाली असती तर?

भारताचा या सगळ्याशी काही संबंध?

इंडिया पेल एलच्या नावातच आहे. एकोणिसाव्या शतकात बर्टनच्या ब्रुअरी हॉप्स जास्त घातलेल्या फिक्या एल मुंबई, मद्रास, कलकत्त्याला जहाजाने धाडत. ती केवळ लांबच्या प्रवासासाठी शोधून काढली, ही कथा जरा रंगवलेली आहे. पोर्टर ही काळी बिअरही त्याच प्रवासाने यायची आणि धडधाकट पोचायची.

दुसरा धागा नाशिकजवळचा. देवळालीच्या छावणीत ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कंटाळून, आजारून जात. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला ‘डूलॅली’ म्हणू लागले. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एकीने तेच नाव घेतलं. जिवंत पिंपाची एल तिथल्या हवेत राखणं कठीण. बारा अंशांचं तळघर हवं आणि तीन दिवसांत ७२ पाइंट संपवणारी गिऱ्हाइकं हवीत. बाटलीत यीस्ट असलेली इंग्लिश एल मिळाली तर तळाचा गाळ न हलवता सावकाश ओता.

मी पीत नाही. तुमच्याबरोबर आलो तर चालेल?

या की. तहान आणि चढ दोन्ही तितकेच मिळतील. वास घ्यायला मात्र तुम्हालाच पुढे बसवू. आमच्यातली एक जण दारूला शिवत नाही, पण पिंप बिघडलेलं आहे हे ती ग्लास टेबलावर टेकायच्या आधी सांगते. त्या दमट दुपारी ती सोबत नव्हती.